ओलं भंगार

रविवारच्या शाळेत अग्निसरोवर शिकवलं
तेव्हा मला रंकाळाच दिसला, पेटलेला.
संध्यामठ बुडापासून लाल,
भेळवाले गाड्या ढकलत पळताहेत,
आणि मधोमध ती माणसं
ज्यांची नावं वहीत सापडली नाहीत.
एस्तेरबाईंनी विचारलं, समजलं का?
मी मान हलवली. मला पोहता येत नव्हतं.

मग पप्पा भाजले.
उद्यमनगरात, भट्टीवर, पुराच्या वर्षी.
पाणी शेडात शिरून गेलं होतं,
भंगार ओलं होतं,
आणि ते याकोब आवळेंना ठाऊक होतं.
फोरमन. मंडळीतले वडील.
"टाका," म्हणाले, "गिऱ्हाईक थांबत नाही."
वितळल्या लोखंडात पाणी गेलं की काय होतं
ते आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

चौकशीत म्हणाले, लेवीनं मला विचारलंच नाही.
पुढच्या रविवारी
त्यांनीच प्रभुभोजनाचं ताट फिरवलं.
आईनं तुकडा घेतला. मी पाहत होते.

तेव्हापासून नरक मला तोंडपाठ.
इतर मुली शिवणकाम शिकत होत्या,
मी आवळेंना रोज रात्री त्या तळ्यात उतरवत होते,
आधी घोट्यापर्यंत,
मग गुडघ्यापर्यंत.
तिथला किडासुद्धा मरत नाही म्हणतात.
बरंच आहे.

नवे पाळक आले, हिवाळे, तरुण, चष्मेवाले.
ते म्हणाले, काहींच्या मते दुष्ट शेवटी संपून जातात.
गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड जातं तसं.
राखेला दुखत नाही.
मी म्हटलं, संपतात? एवढ्यात?
ते म्हणाले, कुणी असंही मानतं की ती आग
मळी काढते, लोखंड ठेवते.
मग तुम्ही काय मानता?
चष्मा पुसायला त्यांना फार वेळ लागला.
"पुलपिटावर एक," म्हणाले, "रात्री दुसरंच."

आवळे गेले या मे महिन्यात.
एक्क्याऐंशी वर्षं. झोपेत.
पेटीवर निशिगंध, आणि पाटीवर लिहिलेलं
की प्रभूमध्ये विसावले.
घरी येऊन मी म्हटलं, आता कळेल त्यांना.

आई लसूण सोलत होती.
"सीपीआरला अकरा दिवस बसलो मी तुझ्या बापाजवळ.
बोटाच्या टोकावर पाणी घिऊन ओठाला लावायचो.
तेवढंच चालायचं.
अकराव्या दिवशी म्हटलं, देवा, पुरे कर.
आणि त्यानं ऐकलं गं.
आता तू म्हणतीस,
त्यो तिथं कधी पुरे म्हणायचाच न्हाई?"

मला उत्तर आलं नाही.
पण मी आई नाही.
आग नको असेल मला, कदाचित.
मला हवंय की कुणीतरी त्यांना त्या शेडात उभं करावं,
हातात ते ओलं भंगार द्यावं,
पप्पांना समोर आणावं, अख्खे, न भाजलेले,
आणि विचारावं, ठाऊक होतं?
आणि दार नसावं.
त्याला क्षण लागेल की सगळा काळ
ते विचारणाऱ्यानं ठरवावं.

परवा कबरस्तानात गेलो.
आईनं पप्पांच्या मोगऱ्याला पाणी घातलं.
घागरीत तांब्याभर उरलं.
ती उठली, तीन रांगा ओलांडून
नव्या, उघड्या ढिगापाशी गेली.
मी जागची हलले नाही.
"उरलंच हुतं," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता.

पाणी पडलं तेव्हा
माती चर्र वाजली.
मे महिन्याची माती. दुपारचे दोन.
तशी ती कुठंही वाजते.